आमची वाटचाल : आधी खड्डा, मग रेडिओ

रस्त्याकडेच्या झाडांच्या मुळांशी ओल किती आहे हे तारेविना कळवणारी यंत्रणा आम्ही पुण्यात बसवतो. धंदा रेडिओचा म्हणून सुरू झाला. आज निम्म्याहून जास्त वेळ गिरमिट आणि चिखलात जातो, आणि तेच बरोबर आहे.

सुरुवात कपॅसिटिव्ह सेन्सरने, म्हणजे मातीच्या विद्युत गुणधर्मावरून ओल ठरवणाऱ्या सेन्सरने केली. बागेच्या मिश्र मातीत ते ठीक चालतात. काळी माती मात्र उन्हात आकसते, सेन्सरच्या पात्याभोवती फट पडते आणि शेजारी ओल असूनही आकडा कोरडा येतो. टँकरने प्रक्रिया केलेलं सांडपाणी घातलं की उलटं: क्षार साठतात आणि ओल फुगवून दिसते. म्हणून जिप्समची वडी असलेल्या, ताण मोजणाऱ्या सेन्सरकडे वळलो. पाणी ओढायला मुळांना किती जोर लागतोय ते तो सेंटीबार या दाबाच्या एककात सांगतो: आकडा जितका मोठा, तितकी माती कोरडी. त्याला डीसी (एकाच दिशेचा) प्रवाह सतत दिला तर इलेक्ट्रोड खराब होतात. दिशा उलटसुलट करत क्षणभरच द्यायचा. शेजारी त्याच खोलीवर तापमानाचा सेन्सर हवाच, नाहीतर मे आणि डिसेंबरचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

बसवण्यापूर्वी सेन्सर रात्रभर पाण्यात ठेवायचा. 25 मिमीच्या गिरमिटाने भोक पाडायचं, निघालेली माती चाळून तिचा पातळ गारा तळाशी ओतायचा आणि अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपच्या टोकाला लावलेला सेन्सर त्यात दाबायचा. वरची माती थराथराने ठोकायची. भुसभुशीत राहिली तर पाणी पाइपच्या कडेने थेट खाली उतरतं. सेन्सर ओला, झाड तहानलेलं.

नव्या झाडाला दोन सेन्सर लागतात: एक नर्सरीतून आलेल्या मुळांच्या गड्ड्यात, दुसरा भोवतीच्या भरावात. मुळं अजून गड्ड्याबाहेर पडलेली नसतात, त्यामुळे भराव ओला असतानाच गड्डा सुकतो. भरावातलाच आकडा पाहणाऱ्याला झाड का वाळलं ते कळत नाही. मोठ्या झाडाला बुंध्याशी नाही, फांद्यांच्या घेराखाली 30 आणि 60 सेंमीवर. टँकर येऊन गेल्यावरही 30 सेंमीचा ताण उतरला नाही तर पाणी फुटपाथवरून वाहून गेलं असं समजा.

काळ्या मातीत 60 सेंटीबारच्या पुढे पाणी द्यायचं. पावसाळ्यात आकडा दिवसेंदिवस शून्याजवळ चिकटून राहिला तर मुळं गुदमरतायत. इशारा तेव्हाही वाजायला हवा.

रेडिओचं थोडक्यात: लोरा (कमी विजेवर लांबवर थोडी माहिती पाठवणारं रेडिओ तंत्र), 865–867 मेगाहर्ट्झ, परवाना लागत नाही. ओली माती लहरी शोषते, म्हणून अँटेना जमिनीवरच. लिथियम थायोनिल क्लोराइडच्या 3.6 व्होल्ट सेलला कपॅसिटर जोडावा. बराच वेळ निजलेला सेल प्रक्षेपणाच्या झटक्याला व्होल्टेज टाकतो आणि सर्किट रीसेट होतं. सेन्सरपासून रेडिओपर्यंतच्या तारा लवचीक कंड्युइटमधून (संरक्षक नळीतून) न्यायच्या, उंदीर सोडत नाहीत. जेसीबीवर मात्र उपाय नाही.

दरपत्रकात आता सेन्सर आणि बसवणी वेगळी लावत नाही. नुसतं यंत्र मागणाऱ्याला नाही म्हणतो.