आजोबांचं पिस्तूल कापलं नाही

मी अ‍ॅरिझोनातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये '१९११' या जुन्या अमेरिकन मॉडेलची पिस्तुलं हातानं जुळवतो. मूळचा फिटर. कानस धरायला पुण्यात आयटीआयमध्ये शिकलो.

त्या सकाळी एक वयस्कर गृहस्थ टॉवेलात गुंडाळलेलं पिस्तूल घेऊन आले. "आजोबांचं आहे. यालाच बेस धरा. नेम धरायची नवी साइट, बीव्हरटेल, मुठीच्या पुढच्या बाजूला पकडीसाठी चेकरिंगच्या खरबरीत रेघा, सगळं करा."

मॅगझिन काढलं, चेंबर रिकामं असल्याची खात्री केली आणि फ्रेमची, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्याची, डावी बाजू उजेडाकडे धरली. 'युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी'. वरच्या सरकत्या भागावर, म्हणजे स्लाइडवर, कोल्ट कंपनीचं नाव, नंबर १९१८ चा. पहिल्या महायुद्धातलं, रंगासकट मूळ स्थितीतलं! काळजात धस्स झालं. बीव्हरटेल म्हणजे मुठीच्या वर मागे आलेली रुंद शेपटी; तिच्यासाठी फ्रेमची मागची टोकं कापावी लागतात, साइटसाठी स्लाइडवर नवी खाच पाडावी लागते. शिवाय त्या काळच्या स्लाइडच्या पोलादाला पाणी दिलेलं नसे. रोजच्या सरावात तिला तडा जाण्याची भीती.

"हे मी कापणार नाही," मी म्हटलं. ते चिडले. पिस्तूल माझं, पैसे माझे, म्हणाले. मी खुर्ची दिली आणि टोकं कुठपर्यंत कापली जातील ते पेन्सिलीनं कागदावर काढून दाखवलं. बराच वेळ ते त्या रेघेकडे बघत राहिले.

मग दुकानातली तीन पिस्तुलं काढली. एक सिरीज ८० चं. त्यात फायरिंग पिन अडवणारा खटका असतो. सुरक्षेला चांगला, पण ट्रिगरची ओढ नितळ करताना त्याचे जादा भाग आड येतात. दुसऱ्यावर सगळं आधीच बसवलेलं, म्हणजे जे काढून टाकायचं त्याचेही पैसे भरा. तिसरं साधं, सिरीज ७० पद्धतीचं, म्हणजे तो खटका नसलेलं, ठोकून घडवलेल्या (फोर्ज्ड) फ्रेमचं. स्लाइड जरा डुगडुगत होती. त्याची मला काळजी नाही, ती फट कमी करता येते. हॅमर आणि त्याला अडवून धरणारा सीअर यांच्या पिनांची भोकं तिरकी असली की मात्र ट्रिगर कधीच मनासारखा होत नाही. पिना घालून दोनदा पाहिलं. सरळ होती. हेच घ्या म्हटलं.

"पण यात आजोबांचं काय?" त्यांनी विचारलं.

जुन्या मुठीवर अक्रोडाच्या लाकडात दोन हिऱ्यांची नक्षी होती. मी त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. नक्षी उमटली. कागदाचं एक टोक त्यांनी धरून ठेवलं होतं.