मोजणीच्या कागदात न मावणारा खानापूर तालुका

2027 च्या फेब्रुवारीत जनगणना आहे. 2011 नंतर थेट आता. मागच्या खेपेला मी प्रगणक होते. मराठी शाळेतल्या मास्तर-बाईंना ही ड्युटी सहसा चुकत नाही, आणि मला ती चुकवायचीही नव्हती. माझा जन्म जांबोटी भागातला, तरी आपला तालुका त्या वीस दिवसांत जेवढा कळला तेवढा आधी कधी कळला नव्हता. नवी मोजणी सुरू व्हायच्या आत ते सगळं एकदा लिहून ठेवते.

आधी आकडे. बेळगाव जिल्हा 13,415 चौरस किलोमीटरचा, 2011 ची लोकसंख्या 47 लाख 79 हजार. चौरस किलोमीटरला सरासरी 356 माणसं. आमचा खानापूर तालुका सतराशे चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्मा गोवा, आणि माणसं मात्र अडीच लाखांच्या घरात. दाटी जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. खुद्द खानापूर गावच तेव्हा वीस हजारांच्या आत होतं. बाकी सगळी खेडी, वाड्या, धनगरवाडे.

माणसं विरळ, कारण जंगल दाट. आणि जंगल दाट, कारण पाऊस. कणकुंबी, अमगावकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या अथणीला सहाशेच्या आसपास. अथणीचे शिक्षक बदलीवर इकडे आले की पहिल्या जूनमध्येच हबकतात. घराच्या पडवीला झडप लावावी लागते, सरपण उन्हाळ्यातच भरून ठेवावं लागतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

हा पाऊस दोन समुद्रांना जातो. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगवते. ती असोग्याच्या रामलिंगेश्वराला वळसा घालून खानापूरहून पूर्वेला निघते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि शेवटी कूडलसंगमाला कृष्णेत मिळते. तिथून पुढे बंगालचा उपसागर. भीमगडाच्या रानात देगावकडे उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्रात जाते. दोन्ही उगम एकाच तालुक्यात. कळसा आणि भांडुरा या म्हादईला मिळणाऱ्या नाल्यांचं भांडण त्यातूनच आलं: पश्चिमेला जाणारं पाणी वळवून मलप्रभेत सोडायचं. 2018 च्या ऑगस्टमध्ये म्हादई पाणीवाटप लवादाने कर्नाटकाला 13.42 टीएमसी पाणी दिलं, तरी वाद मिटलेला नाही. हुबळी-धारवाडची तहान खरी आहे, गोव्याची भीतीही खरी आहे. पण ज्या कणकुंबीत कालवा खणला, तिथल्या लोकांना काय वाटतं हे कुणी विचारताना मी पाहिलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इतिहास म्हटलं की मी मुलांना हलशीला नेते. जुनी पलाशिका ती हीच. बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. पाचव्या शतकात कदंब राजा मृगेशवर्म्याने इथे जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधल्याची नोंद हलशीच्या ताम्रपटांत आहे. आज जे भूवराह-नरसिंहाचं देऊळ उभं आहे ते नंतरचं, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. आत दोन गाभारे समोरासमोर. एका गाभाऱ्यापुढे उभं राहिलं की दुसऱ्यातला वराह पाठीमागे असतो, दाताजवळ पृथ्वी धरून. मुलं इकडून तिकडे पळत बसतात, आणि मी त्यांना पळू देते. वरच्या शिखराच्या पायऱ्या-पायऱ्या त्यांच्याकडून मोजून घेते. कदंब शिखराची ओळख त्यांना दुसऱ्या कशाने पटत नाही.

नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी. कित्तूर चन्नम्माच्या या सरदाराला इंग्रजांनी 26 जानेवारी 1831 ला तिथे फाशी दिलं. कन्नड आणि मराठी, दोन्ही घरांतल्या बायका तिथे मुलासाठी नवस बोलतात.

सीमाप्रश्नाबद्दल थोडक्यातच, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. फक्त चंदगड तालुका मागे राहिला, तो कोल्हापुरात गेला. आमच्याकडच्या कितीतरी लेकी चंदगडला दिलेल्या आणि तिकडच्या इकडे आलेल्या. त्या एका रेषेनं माहेर दुसऱ्या राज्यात गेलं. 1967 च्या महाजन आयोगाच्या अहवालात खानापूर, नंदगड, निपाणी महाराष्ट्राला द्यायची शिफारस होती. तो अहवाल महाराष्ट्राने मानला नाही. 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. मी मराठी शाळेची बाई, माझं मन कुठे आहे हे सांगायला नको.

आता मोजणीच्या कागदाकडे येते. 2011 च्या तक्त्यात मातृभाषेचा एक रकाना होता आणि त्याशिवाय येणाऱ्या भाषांसाठी दोन जागा. पश्चिमेला मराठी, पूर्वेला इटगी-पारिश्वाडकडे कन्नड, आणि मधे बिडीसारख्या गावांत दोन्ही. इथवर कागद पुरतो. लोंढ्याला पुरत नाही. जंक्शनचं गाव, तिथला एखादा म्हातारा घरात मराठी, बाजारात कन्नड, गोव्याच्या गाडीत कोकणी आणि शेजारी उर्दू बोलतो. चौथी भाषा कुठे लिहायची? दक्षिणेकडच्या रानात सिद्दी आहेत, पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून आणलेल्यांचे वंशज. डोंगरात गवळी धनगर आहेत. एकेका घरात बसून ऐकलं की कळतं, तालुक्याची भाषा म्हणून एक नाव लिहिता येत नाही.

पण सगळ्यात जड गेला तो दुसराच नियम. 9 ते 28 फेब्रुवारीत जो माणूस घरी अजिबात नसेल, त्याची नोंद त्या घरात घ्यायची नाही. कणकुंबीकडच्या एका वाडीत एक आजी चुलीपुढे बसून इंटाण तांदळाचा भात शिजवत होत्या. दोन्ही मुलगे गोव्यात, एक वेर्ण्याला कारखान्यात, दुसरा हॉटेलात.

"दोघांची बी नावं लिवा, बाई."

मी नियम सांगितला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "शिमग्याला येत्यात की. घर हितलंच न्हवं त्यांचं?"

घर इथलंच होतं. रेशनकार्डावर नाव होतं, भिंतीवर दोघांचे फोटो होते. कागदावर मात्र आजी आणि एक नात. असल्या घरांची बेरीज होते तेव्हा आकडा घटतो, शाळेचा पट घटतो, आणि मग शाळा बंद करायला तोच आकडा कारण म्हणून पुढे येतो.

भीमगड 2011 च्या शेवटी अभयारण्य झालं, सुमारे 190 चौरस किलोमीटर. बारापेडेच्या गुहांतली दुर्मीळ वटवाघळं जगात फार थोड्या ठिकाणी आहेत. ती जगली पाहिजेत. आतल्या गावांत रस्ता नाही, दवाखाना नाही, पावसाळ्यात आजारी माणूस खुर्चीला बांधून आणावा लागतो. तळेवाडीच्या कुटुंबांना कुटुंबामागे पंधरा लाख देऊन बाहेर आणायला सुरुवात झाली आहे. जे खुशीनं निघाले त्यांना दोष नाही. पण पुढच्या मोजणीत जंगलातले आकडे आणखी उतरतील, तेव्हा त्यामागे काय घडलं ते कुठेतरी लिहिलेलं असावं.

या वेळी मोजणी मोबाइलवर आहे. ज्या नव्या गुरुजी-बाईंच्या वाट्याला गवाळी, कोंगळा, पास्टोलीकडचा भाग येईल त्यांनी रेंजच्या भरवशावर जाऊ नये. सकाळी लवकर पोहोचा, नऊनंतर घरी कोणी सापडत नाही. धनगरवाडा नकाशात गावाला चिकटून दिसतो, प्रत्यक्षात तो डोंगरापलीकडे असतो. वाट दाखवायला गावातलाच माणूस घ्या. आणि भाषा विचारताना दोनवर थांबू नका. तिसरी, चौथी कागदात मावली नाही तरी विचारा.