यंदाचा पानगा दुसऱ्या हातचा

महालक्ष्म्या गेल्या. मखर उतरलं, साड्या घड्या करून ठेवल्या, मुखवटे डब्यात गेले. घर दरवर्षीच रिकामं वाटतं, त्यात नवीन काही नाही. पण यंदा त्याच्या खाली आणखी काहीतरी टोचतंय आणि ते नेमकं काय, हे रात्री अंथरुणावर पडून काही सापडेना. म्हणून उठून वही काढली.

पंगतीत सासूबाईंनी, माईंनी मक्याच्या पानग्याचा तुकडा मोडला, वर तूप घेतलं, खाल्ला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "झालाय की गं दरवर्षीसारखा. तुझा हात लागल्याशिवाय असा होत नसतो."

पानगा मी केलेलाच नव्हता.

धाकट्या जावेनं ऐकलं. मी तोंड उघडणार तोवर ती कढीचं पातेलं उचलून दुसऱ्या पंगतीकडं गेलीसुद्धा. माईंना मी सांगितलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही असं वाटतं. "बरं बरं," म्हणाल्या आणि आंबील मागितली. विषय संपला. त्यांच्यापुरता संपला.

मनगटाचं दुखणं सुरू झालं तेव्हाच मला वाटलं होतं की यंदा किसणी हातात धरणं अवघड आहे. पट्टा बांधलेला, जड उचलायचं नाही, पिळायचं नाही. पण म्हणून पानगा करायचाच नाही, असं मी कुठं म्हणाले होते? किसायला कुणीही बसलं असतं. बाकीचं मी बसल्या जागेवरून केलं असतं. आवाहनाच्या दिवशी भोकरदनला सासरच्या घरात पाऊल टाकलं तेव्हा सगळं ठरलेलं होतं. "अक्का, तुम्ही बसा. नुसत्या बसा." पाय उमटवताना, लक्ष्म्या घरभर फिरवताना, "लक्ष्मी आली, कशाच्या पायानं आली" म्हणताना मी होते सगळीकडं. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गेलं की तेच. तुम्ही बसा. फुलोऱ्याच्या करंज्या मोजायला दिल्या मला. मोजल्या.

आमच्या ह्यांनी तर एका शब्दानं विचारलं नाही की तू का गप्प आहेस. जाऊ दे.

पानगा म्हणजे काय हे आमच्या घराबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. गव्हाचे पानगे बऱ्याच ठिकाणी होतात, आमच्याकडं मक्याचा गोड होतो आणि तो फक्त ज्येष्ठा-कनिष्ठेच्या नैवेद्याला. सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील जशी सगळ्यांकडं, तसं पानात डाव्या-उजव्याचा हिशोब झाल्यावर वरच्या कोपऱ्यात एक चौकोनी तुकडा पानग्याचा. कधीपासून, कुणी सुरू केला, माईंनाही सांगता येत नाही. शेतात मका आहे म्हणून असेल.

आणि ह्याच्यात सगळं कणसावर असतं. जूनमध्ये पेरलेला मका बरोबर महालक्ष्म्यांच्या सुमाराला चिकात येतो. रेशीम टाकल्यापासून तीन आठवडे धरायचे. वरचं रेशीम काळं पडून वाळलेलं हवं, पण सोपट, म्हणजे बाहेरच्या पानांचं आवरण, हिरवंगार. मग पानं जराशी बाजूला करून दाण्यात नख रोवायचं. पाणी उडालं तर कणीस अजून कच्चं. काहीच निघालं नाही तर गेलं, ते आता भरडायलाच. घट्ट पांढरा चीक नखावर बसला पाहिजे, पुसला तरी बोट चिकट राहिलं पाहिजे. अधिक महिना आला की महालक्ष्म्या सप्टेंबरात पार पुढं सरकतात आणि तोवर कणसं टणक होतात. म्हणून त्या वर्षी आबा दोन ओळी मागास पेरतात, फक्त पानग्यासाठी. व्यापाऱ्याला ह्यातलं काय कळणार. त्याचा मका कोंबड्यांच्या खाद्याला जातो.

कणसं तोडायची ती पूजेच्या दिवशी उजाडताच. तोडल्यापासून दाण्यातली साखर कमी व्हायला लागते, तिचं पीठ बनत जातं, उन्हात पडली तर आणखी लवकर. कीस काढून ठेवून चालत नाही. चीक खाली सुटतो, तो टाकायचा नाही, त्याच्यावरच सगळं धरून असतं. गूळ चिरून घालायचा आणि मग थांबायचं. गुळाला पाणी सुटू द्यायचं आणि ते पाणी बघून ठरवायचं की मूठभर रवा लागतोय का नाही. पाऊस जास्त झालेल्या वर्षी लागतो. ह्याचं माप मी कुणाला कधी सांगू शकले नाही, कारण ते वाटीत नसतं, त्या वर्षीच्या कणसात असतं. तूप, सुकं खोबरं किसून, खसखस, वेलची, जायफळ, चिमूट मीठ.

2019 ला लष्करी अळी आली. पोंग्यात, शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, हात घातला की भुसा आणि अळी, कणीस म्हणून धरलंच नाही रानात. बाजारातून स्वीट कॉर्नची कणसं आणावी लागली. आपल्या मक्यात असतो तो पिठूळपणा त्यात नसतो, सगळी साखरच. गूळ पडला आणि पातेल्यात खीर झाली. रवा घालून घालून पानगा उभा केला, पण माईंनी तोंडात घातला आणि म्हणाल्या, "देवीला चालंल, मला नाही." त्या माई. त्यांनी यंदा दुसऱ्या हातचा पानगा माझा म्हणून खाल्ला.

हेच, हेच टोचतंय. त्यांना कळलं नाही.

मी भांडी बदलली तेव्हा त्यांना कळायचं. गोवऱ्या ओलसर होत्या तेव्हा कळायचं, वरच्या परातीतले निखारे लवकर विझले तेव्हा कळायचं. एकदा जायफळ विसरलं गेलं होतं तर हात न धुता स्वयंपाकघरात आल्या होत्या विचारायला. चुलीपुढं बसून डोळे लाल करून घेतले ते काय उगाच? पितळी पातेल्याला बाहेरून माती लावायची, आतून पानं लावायची, खाली मंद आर, वर परात, परातीत निखारे, आणि मग उठायचं नाही. आर वाढला की बूड करपतं, कमी झाला की मधोमध कच्चं. बसून बसून पाय लाकूड व्हायचे. आणि धाकटीनं ओव्हनचं बटण फिरवलं, 180 वर ठेवला, पाऊण तासात बाहेर काढला, आणि तो माझा झाला.

ओव्हनवरून घरात बोलणं झालंच असणार, मी पोचायच्या आधी. नैवेद्याचं आणि तेही विजेच्या पेटीत. माईंनी म्हणे एवढंच विचारलं, "त्यात अंड्याचं काही केलंय का?" ओव्हन नवाकोरा होता, भांडंही नवं. "मग इस्तव तो इस्तव," म्हणाल्या. माझ्या वेळी गॅसवर पुरण शिजवायला किती वर्षं लागली, ते मी लिहीत बसत नाही.

आता खरं लिहायचं तर पानगा चांगला झाला होता. फार चांगला झाला होता. सुरी घातली तर स्वच्छ निघाली, आत सगळीकडं एकसारखा सोनेरी, कडा कुठं जळालेल्या नाहीत. मी तूप घालून खाल्ला आणि पुन्हा घेतला. खाताना राग येत होता आणि तरी घेतला.

फक्त खरवड नव्हती. बुडाची ती तांबूस-काळी, गुळात तळल्यासारखी, दाताला लागणारी. आमची पोरं पातेल्यावर भांडायची त्या खरवडीसाठी. पिंकी चमच्यानं खरडत बसायची. (ती यंदा आली नाही. सुट्टी मिळाली नाही. ह्यावर आज लिहायला नको.) पंगत उठेपर्यंत मी वाट बघितली की कुणीतरी म्हणेल, अरे, खरवड कुठाय? आबा म्हणतील. निदान मधला म्हणेल. कुणी नाही. ताटं उचलली गेली.

आणि दुसरं म्हणजे नक्षी. मी हळदीची पानं लावते. माई मक्याचीच आतली पांढरी पानं लावायच्या, हळदीचं पान ह्या घरात मी आणलं. वसमतकडं, माझ्या माहेरी, हळदीला काय तोटा, आमच्या बांधापासून सुरू होते ती नजर जाईल तिथवर. लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांना दादा पानं घेऊन आला होता, तेव्हा माईंनी नाक मुरडलं होतं आणि मग वास घेतला होता. मी पान उलटं लावते, शिरांची बाजू आत. पानगा ताटात पालथा केला की शिरा उमटलेल्या दिसतात, मधला दांडा आणि त्यातून निघालेल्या तिरप्या रेषा. यंदा वास होता, हळदीच्या पानाचाच होता. पण वर रेषा नव्हत्या. गुळगुळीत. पान सुलट लावलेलं.

म्हणजे बघणाऱ्याला कळलं असतं. कुणी बघितलं नाही.

तेव्हा पंगतीत मला एक गोष्ट सुचलीच नाही, ती विसर्जनाच्या दिवशी दोरे घेताना सुचली. भोकरदनला हळदीची पानं आली कुठून? बाजारात मिळत नाहीत. मी यंदा नेली नव्हती, कारण मला वाटलं होतं मी विचारलं की दादा पाठवेल, आणि मला विचारण्याची वेळच आली नाही.

घरी आल्यावर वहिनीला फोन केला. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "पानं पोचली का नीट? ओल्या फडक्यात गुंडाळली होती." धाकटीनं आठवडाभर आधी फोन केला होता तिला. शेजारचा मुलगा परभणीहून रेल्वेनं जालन्याला जाणार होता, त्याच्या पिशवीत दिली, जालन्याच्या स्टँडवर धाकटीचा भाऊ उभा. तिथून भोकरदनपर्यंत एसटीत मांडीवर. एवढं सगळं झालं आणि मला पत्ता नाही. माझं माहेर, माझ्या वहिनीचा नंबर, आणि मलाच सांगितलं नाही.

राग आला. पहिला रागच आला, तो लिहून ठेवते. पानगा घेतला तो घेतला, माहेरही घेतलं का, असं मनात आलं.

मग वहिनी पुढं बोलत होती. "तिनं मला विचारलं, अक्का पान सुलट लावतात का उलट? मी म्हटलं, मला काय माहीत बाई, आमच्याकडं कुठं पानगा असतो. तिला विचार की. तर म्हणाली, त्यांना विचारलं तर त्या पट्टा सोडून किसायला बसतील."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ काही केलं नाही. बसले असते का मी पट्टा सोडून? बसले असते. ते तिला बरोबर माहीत होतं. तरी विचारायला हवं होतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकदम खरं असलं की माणूस कुठं जाणार.

माईंचंही आता वेगळं वाटायला लागलंय. त्यांना डोळ्यांनी कुठं दिसतंय नक्षी-बिक्षी. त्यांना वास आला. हळदीच्या पानाचा वास म्हणजे त्यांच्यालेखी मी. चव कुणाच्या हातची हे त्यांनी बघितलंच नाही. त्यांनीच नाक मुरडलेली पानं आता त्यांच्या नाकात माझ्या नावानं बसली आहेत, आणि ती कुणीही लावली तरी तसंच राहणार. हे बरं आहे का वाईट, मला अजून ठरवता येत नाही. बरं असावं.

सकाळी मीच धाकटीला फोन लावला. उचलल्याबरोबर म्हणाली, "अक्का, माईंना मी सांगायचं राहूनच गेलं हो, तेव्हा हातात कढी होती." मी म्हटलं, ते असू दे. पान उलटं लावायचं. शिरा आत.

"आत? म्हणजे पानग्याकडं?"

"पानग्याकडं. आणि पानाला आधी तूप फिरवायचं, नाहीतर शिरांमध्ये कीस अडकतो. दांडा जाड असला तर तो सुरीनं तासून घे."

"थांबा, लिहून घेते." खरंच लिहीत होती, पेनचा आवाज येत होता. मग विचारलं, रवा किती? मी म्हटलं, तू किती घातलास? म्हणाली, घातलाच नाही, चीक बघितला, घट्ट होता. नख लावून बघितलं का? बघितलं म्हणाली, आबांनी रानात नेऊन दाखवलं पहाटे.

ह्यावर मला बोलायला काही राहिलं नाही. जायफळ थोडं वाढव म्हणाले. वाढवते म्हणाली. मग आबांच्या गोळ्यांचं झालं, महालक्ष्म्यांच्या कोठ्या माळ्यावर ठेवल्या का त्याचं झालं, माझ्या मनगटाचं झालं.

खरवडीचं तिनं विचारलं नाही. मीही काढलं नाही. ती फोनवर सांगून येत नाही, ती पुढच्या वर्षी चुलीवर, दुसऱ्या पातेल्यात, तिला समोर बसवून. किसायला तीच.