खाली म्हणजे चालू

मी वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. परक्या घरात गेल्यावर लोक भिंतीवरचे फोटो बघतात, मी बोर्ड बघतो. मुलगी इंग्लंडात रेडिंगला, मुलगा न्यू जर्सीत एडिसनला. गेल्या वर्षी दोघांकडे मिळून साडेचार महिने काढले. परतल्यावर जो तो विचारतो, कुठलं जास्त आवडलं? ही राणीचा वाडा आणि नायगारा सांगून मोकळी होते. मला मात्र आधी बटणं आठवतात.

रेडिंगला पहिल्याच रात्री अडीचला जाग आली. अंधारात भिंत चाचपली, बटण खाली दाबलं, दिवा लागला. अगदी कराडच्या घरात लागतो तसा. सकाळी पाहिलं तर प्रत्येक सॉकेटला शेजारी स्वतःचं बटण. व्होल्टेज २३०. म्हटलं, हे तर आपलंच गाव. फक्त बाथरूममध्ये बटण नाही, छतातून दोरी लोंबते. ओला हात बटणाला लागू नये म्हणून. त्यातही दोन दोऱ्या, एक दिव्याची आणि एक गरम पाण्याच्या शॉवरची. देवळात शिरताना घंटा बडवावी तशी मी हाताला येईल ती ओढायचो आणि अंधारातच उभा राहायचो.

हिने बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये लपेटून मिक्सर नेला होता. त्याच्या तीन गोल पिना तिथल्या चौकोनी भोकांत जाईनात. खरी मौज अशी, की आपल्या गोल पिना मूळच्या इंग्रजांच्याच. महायुद्धानंतर तांबं वाचवायला त्यांनी घरांचं वायरिंग नव्या पद्धतीनं करायचं ठरवलं, १९४७ साली चपट्या पिनांचा नवा प्लग आणला आणि प्रत्येक प्लगच्या पोटात एक फ्यूज बसवला. नेमकं त्याच साली ते आपल्याकडून गेले. जुना प्लग आपल्याकडे राहिला तो राहिलाच.

एडिसनला सगळंच उलटं. तिथे बटण वर केलं की चालू, आणि सॉकेटला बटणच नाही. मुलाच्या हॉलमध्ये दाराशी एक बटण होतं, पण ते वर-खाली कसंही केलं तरी काही लागेना. वर पाहिलं तर छताला दिवाच नाही. बटण खराब आहे असं समजून मी येता-जाता ते खटकन् खाली पाडत होतो. तिसऱ्या दिवशी मुलगा वरच्या खोलीतून धावत खाली आला. ''बाबा, तुम्ही माझी मीटिंग का तोडताय?'' त्या बटणाचा संबंध कोपऱ्यातल्या सॉकेटशी होता. तिथे उभा लॅम्प लावायचा असतो, हा पठ्ठ्या वायफायचा डबा लावून बसलेला. चाळीस वर्षं खांबांवर काढलेल्या माणसाची सुनेसमोर अशी शोभा झाली.

मिक्सरचे तर तिथे हालच. ॲडॉप्टर लावून घातला, पण १२० व्होल्टवर तो खोबरं वाटायचं सोडून नुसता घुमत राहिला. ''याला अशक्तपणा आलाय,'' ही म्हणाली. निदान अचूक होतं.

चहाचंही तेच. मुलीकडे किटलीचं बटण दाबून कप विसळेपर्यंत पाणी खळखळायचं. तिची किटली ३,००० वॉटची, मुलाची १,५०० वॉटची. अमेरिकेतल्या साध्या सॉकेटातून त्याहून फार जास्त ओढताच येत नाही. म्हणजे तेवढ्याच पाण्याला दुप्पट वेळ. मुलगा मग मायक्रोवेव्हमध्ये कप फिरवतो आणि त्यात पुडी बुडवतो. हिने ते एकदाच पाहिलं आणि गॅसवर आधण ठेवलं.

इंग्रजांच्या या किटलीप्रेमाबद्दल आमच्या खात्यात पूर्वीपासून बोललं जायचं. ४ जुलै १९९०ला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरलं. लोक टीव्हीसमोरून उठले, आणि देशाची विजेची मागणी एकदम २,८०० मेगावॉटनी चढली. आपल्या कोयनेचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट होतात. म्हणजे अख्खी कोयना पुरली नसती, तीही हरल्याच्या चहाला! असल्या झटक्यासाठी त्यांनी वेल्समध्ये डिनॉरविगला डोंगराच्या पोटात वीजघर बांधून ठेवलंय. रात्री पाणी वर चढवायचं आणि मागणी चढली की सोडायचं. तिथले इंजिनिअर टीव्ही बघून कामाचा अंदाज बांधतात, हे ऐकून मी मुलीला म्हणालो, मी चुकीच्या देशात नोकरी केली.

अमेरिकेचे व्होल्ट कमी का, याचं उत्तर मुलाच्या गावाच्या नावातच आहे. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच गावात होती. १८८२ साली त्यानं न्यू यॉर्कला पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केलं ते ११० व्होल्टचं, कारण त्याच्या दिव्याला तेवढंच मानवत होतं. तारा पडल्या, दिवे आले, पंखे आले, आणि मग बदलणार कोण? जो आधी घर बांधतो त्याच्या घरात जुनं वायरिंग असतं, हे मी ग्राहकांना जन्मभर सांगत आलोय.

बाकी मजले, पाट्या, किमती यांत हीच गंमत. अमेरिकेत तळमजल्यालाच फर्स्ट फ्लोअर म्हणतात, म्हणून मी एकदा जिना चढून भलत्याच दारात उभा राहिलो. आणि दुकानातल्या पाटीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. मोजून काढलेली चिल्लर दर वेळी कमी पडायची.

एका बाबतीत मात्र पारडं फिरलं. रेडिंगला नातीला ताप आला. मुलगी घाबऱ्या आवाजात म्हणाली, ''अडतीस पॉइंट पाच.'' ही म्हणाली, ''एवढाच ना? मग कशाला घाबरतेस?'' पुढे एडिसनला नातू आजारी पडला तेव्हा सून नुसतं ''एकशे एक'' म्हणाली आणि ही पदर खोचून उठली. दोन्ही पोरांचा ताप जवळपास सारखाच होता. फॅरनहाइट इंग्रजांनी सोडलं, अमेरिकेनं धरून ठेवलं, आणि आपण फक्त तापापुरतं ठेवलं. हवेला सेल्सिअस, अंगाला फॅरनहाइट. म्हणूनच एडिसनला मुलगा ''आज चाळीस आहे'' म्हणाला तेव्हा मी बनियनवर बाहेर पडलो आणि दोन मिनिटांत आत आलो.

घरी परतलो त्या रात्री पुन्हा अडीचला जाग आली. हात भिंतीवर गेला. बटण वर केलं, दिवा नाही. खाली केलं, नाही. क्षणभर कुठल्या देशात आहे तेच कळेना. छताकडे हात करून दोरीही शोधून पाहिली. पुन्हा वर, पुन्हा खाली.

''अहो, काय खटखट लावलीय?'' पलीकडून आवाज आला. ''लाइट गेलीय.''