तुम्ही विचारलंत म्हणून : गवई एवढे हातवारे का करतात?

कार्यक्रम संपला की मी पेटीचा भाता बंद करत असतो आणि हमखास कोणीतरी जवळ येऊन हळूच विचारतं, "गाणं छानच झालं हो, पण ते एवढे हातवारे कशाला करतात? आणि तोंडं किती वाकडी करतात!" हे मलाच विचारतात कारण गवयाला विचारायची सोय नसते, पेटीवाला कसा घरातला वाटतो. वीसेक वर्षं साथीला बसतोय, दर वेळी हसून "सवय असते हो" म्हणून वेळ मारून नेतो, आज एकदाच नीट लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे त्यातले बरेचसे हातवारे तुमच्यासाठी नसतातच. गवयाच्या उजवीकडे तबला, डावीकडे मी, मागे तानपुरे, आणि समोर कुठेतरी अंधारात साउंडवाला. या सगळ्यांशी बोलायचं तर आहे पण तोंड तर गाण्यात अडकलंय, मग काय करणार बिचारा? तळहात जरा खाली दाबला की तबलजीला कळतं लय पळतेय, मांडीवर बोटं जरा घाईनं पडायला लागली की लय वाढव, माझ्याकडे नुसती मान वळवली की आता तू वाजव, मी श्वास घेतो. एकदा एक गायक आलाप करता करता उजवा हात सारखा वर वर नेत होते आणि पुढच्या रांगेतल्या एक काकू प्रत्येक वेळी "वाह!" म्हणत होत्या. ते साउंडवाल्याला सांगत होते, मॉनिटरमध्ये, म्हणजे आमच्यासमोरच्या स्पीकरमध्ये, तानपुरा वाढव बाबा. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, काकूंना मात्र भरपूर आनंद मिळाला.

उरलेले हातवारे मात्र खरोखर गाण्याचेच असतात. मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना बघा, अंगठा आणि तर्जनीत काहीतरी चिकट धरून ओढल्यासारखा हात जातो, स्वर तुटू द्यायचा नाही ना. दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे हेलकावे घेणारा गंधार लागला की तळहात पाण्यावर ठेवल्यासारखा हळूहळू हलतो. हे कोणी शिकवत नाही, निदान मला तरी कोणी शिकवताना दिसलं नाही, पण गुरूच्या समोर वर्षानुवर्षं बसून शिष्याच्या गळ्याबरोबर हातातही ते उतरतं. आवाज दुसऱ्या खोलीतून येत असेल तर ओळखायला वेळ लागेल, पण टीव्हीचा आवाज बंद करून नुसता हात दाखवलात तरी हा कोणाचा शागीर्द ते मी कधीकधी सांगू शकतो (पैज लावू नका, दोनदा हरलोय).

आणि माझ्या धंद्याची गंमत इथेच आहे. पेटीवाला गळ्याच्या मागून जातो असं म्हणतात, खरं तर तो हाताच्या मागून जातो, कारण हात गळ्याच्या किंचित आधी निघतो. गायक तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सा कडे निघालेत हे त्यांच्या कोपरावरून कळतं. पण यातच एकदा फसलो. यमन राग चालला होता, गायक निषादावर, म्हणजे सा च्या अगदी अलीकडच्या नी वर येऊन थांबले, हात मात्र केव्हाच वर पोचला होता, मी आपला विश्वासानं सा दाबून मोकळा. ते निषादावरच! त्यांना तिथेच मुक्काम करायचा होता, अख्खा हॉल त्या षड्जाची वाट बघत होता आणि मी तो देऊन टाकला. मिटलेल्या डोळ्यांतला माझ्या बाजूचा डावा डोळा तेवढा उघडला, माझ्याकडे बघितलं, परत मिटला. बॉडी लँग्वेज म्हणता ना, ती ही. नंतर चहाच्या वेळी एक शब्द बोलले नाहीत, त्याचीही गरज नव्हती.

आता तोंडं वाकडी करण्याबद्दल. तुमची तक्रार नवीन नाही हं. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे, सिंघण राजाच्या पदरी, शार्ङ्गदेव होता, त्यानं 'संगीतरत्नाकर'मध्ये गायकाचे 25 दोष लिहून ठेवलेत. दात आवळून गाणारा, भयंकर तोंड वासणारा, भोपळ्यासारखे गाल फुगवणारा, मान वाकडी करणारा, उंटासारखी मान उंचावणारा, हातपाय पसरणारा. आणि डोळे मिटून गाणारासुद्धा, 'निमीलक' म्हणतात त्याला! म्हणजे आज आम्ही सगळेच नापास. म्हणूनच जुने गुरुजी आरशासमोर बसवून मुद्रादोष, म्हणजे हे तोंडं वाकडी करणं, काढायचे.

पण मग भीमसेन जोशींचं काय करायचं? तान घेताना अख्खं अंग फेकायचे, हात जमिनीपर्यंत जाऊन वर यायचा. त्यांना त्या यादीत बसवायला माझी जीभ रेटत नाही. आणि दुसरीकडे किशोरीताई आमोणकर, डोळे मिटलेले, बोटं स्वरमंडलाच्या तारांवर, बाकी शरीर बहुतेक वेळ शांत. दोन्हीकडे मला खोटं काही दिसत नाही. खोटं दिसतं ते हल्ली, समोर मोबाइल धरलेला दिसला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, यायच्या आधीच ज्यांचा चेहरा समेवर पोचलेला असतो त्यांच्याकडे. गळा साधाच सपाट चाललाय आणि हात मात्र आभाळात. शेजारी बसलेल्याला हा फरक लगेच कळतो, कारण त्या हातामागून पेटी नेली की हमखास चुकते.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉलवर पेटी शिकवायला लागलो तेव्हा एका विद्यार्थिनीनं गाऊन दाखवलं, मी साथ करायला गेलो तर काही केल्या जमेना. आवाज उशिरा येतोय हे होतंच, पण स्क्रीनवर तिचा फक्त चेहरा होता. शेवटी म्हटलं, अगं, फोन जरा लांब ठेव ना, तुझे हात कुठे आहेत? तिनं फोन डब्याला टेकवून मागे सरकवला. तेव्हा दिसलं, ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. "आई म्हणते, हातवारे वाईट दिसतात."