तपकिरी, मध्यम

दुपारी पडदा सारला आणि त्यातून एक पतंगाचं पाखरू निघून भिंतीवर बसलं. सकाळच्या मोजदादीतून निसटलेलं. पंखा बंद केला.

मोजदाद म्हणजे, साताऱ्याच्या आमच्या बागेत लिंबाखाली मी सापळा लावते. बादली, तिच्यावर नरसाळं, वर दिवा, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. रात्री पाखरं दिव्याशी येतात, नरसाळ्यातून घसरतात आणि ट्रेच्या खळग्यांत गप्प बसून राहतात. सकाळी फोटो काढायचे, नाव शोधायचं, झुडपात सोडायचं. सोडायची जागा रोज बदलावी लागते, कारण दयाळ पक्ष्याला माझी वेळ पाठ झाली आहे.

नाव शोधायचं, हे आपलं म्हणायला. हॅम्प्सन या इंग्रज कीटकतज्ज्ञ साहेबानं इथल्या पतंगांवर १८९२ ते १८९६ या काळात चार खंड काढले, तरी काही जाती पोट फाडून पाहिल्याशिवाय वेगळ्या ओळखू येत नाहीत. ते माझ्याच्यानं होणार नाही. वहीत ‘तपकिरी, मध्यम’ अशा १७ नोंदी आहेत.

लहानपणी आषाढात रात्रीची जेवणं म्हणजे गंमतच होती. बल्बखाली पाण्यानं भरलेली परात, भिंतीवर टपलेली पाल. पाण्यातल्या बल्बवर पाखरं पटापट पडायची. फारच झाली की आजी दिवा मालवायला लावायची आणि आम्ही अंधारात भात चाचपत जेवायचो. आजोबांच्या आमटीत एकदा पडलंच. त्यांनी बोटानं काढून ताटाच्या कडेला ठेवलं, म्हणाले, “मीठ कमी आहे, तेच सांगत होतं,” आणि भुरका मारला.

पाखरू ज्योतीवर जीव ओवाळतं वगैरे आपण ऐकत आलो. तसं काही नाही. उडताना पाठ उजेडाकडे ठेवायची त्याला सवय, कारण रात्री त्यातल्या त्यात उजळ असतं ते आभाळ. मध्येच बल्ब आला की बिचारं त्याच्याकडे पाठ करत गोल गोल फिरत बसतं.

दूध घालायला येणाऱ्या काकांना ट्रे दाखवला. त्यांची शेती आहे.

“हे कुठलं हो?”

“पाखरू.”

“पण कुठलं?”

“अहो ताई, अळीचं.” आणि मग जी यादी सुरू झाली! घाटेअळी, बोंडअळी, लष्करी अळी, केसाळ अळी. पाठीची कमान करत चालते ती उंटअळी. घाटेअळी हरभऱ्याच्या घाट्यात डोकं खुपसते आणि अर्धं अंग बाहेर ठेवून निवांत जेवते, हे त्यांनी मनगट वाकवून दाखवलं. तिचं पाखरू कसं असतं? “असंच की, मातकट.”

म्हणजे माझ्या १७ जणांत ती असणारच.

आमच्या कण्हेरीवरच्या अळीचं पाखरू मात्र मला चुकत नाही. हिरव्या पंखांवर गुलाबी-पांढऱ्या लाटा, जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्याआड असायचा तसा अबरीचा कागद. ते बोटावर चढलं की उडण्याआधी अंग तापवायला थरथरतं, आणि ती थरथर कोपरापर्यंत जाणवते.

भिंतीवरचं जवळ जाऊन पाहिलं. चष्मा लावून पाहिलं. तपकिरी आहे. मध्यम आहे.

उकडतंय फार.