कातोंगमधलं पेरानाकान जेवण: आधी केलुआक मागवा

सिंगापूरच्या धावपळीतून एक दुपार कातोंग-जू चियाट या जुन्या वस्तीसाठी राखून ठेवा. मरीन परेड हे मेट्रो स्थानक २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून इथे पोचणं सोपं झालंय. तिथून ईस्ट कोस्ट रोड चालत गाठता येतो. मलाक्का, पेनांग आणि सिंगापूरला स्थायिक झालेल्या चिनी व्यापाऱ्यांचे वंशज म्हणजे पेरानाकान. त्यांच्या घरगुती खाणावळी इथल्या जुन्या चाळवजा दुकानघरांत आहेत. नक्षीदार फरश्या, संगमरवरी टेबलं, फडताळात फुलं रंगवलेले इनॅमलचे डबे. हे सगळं डोळे भरून पाहा, पण मी ठिकाण जोखतो ते 'आयम बुआ केलुआक' या कोंबडीच्या रश्श्यावरून.

केलुआक ही काळी, टणक कवचाची बी. कच्ची असताना तिच्यात सायनाइडचं विष असतं, म्हणून ती उकळून राख-मातीत सुमारे ४० दिवस पुरतात. स्वयंपाकघरात आल्यावर ती घासून तीन ते पाच दिवस भिजवायची, पाणी रोज बदलायचं. मग टोकाशी टवका उडवून आतला काळा गर कोरून काढायचा आणि प्रत्येक बीचा वास घ्यायचा. खवट किंवा कुबट वास आला की ती बी फेकायची, कारण एकच खराब बी अख्खं पातेलं कडू करते. चांगला गर मीठ-साखर घालून कुटतात, बहुतेकदा त्यात कोळंबी किंवा डुकराचा खिमा मिसळतात आणि पुन्हा कवचात भरून चिंचेच्या रश्श्यात कोंबडीबरोबर शिजवतात. डुकराचं मांस चालत नसेल तर हे सारण काय आहे ते आधी विचारा. खिमा भरमसाट घातला की केलुआकची कडसर, कोकोच्या जवळ जाणारी चव दबते; हात राखून घातलेलं सारणच खरं.

बारीक दांड्याचा चमचा मागून घ्या, गर कोरून रश्श्यासकट भातात कालवा.

रश्श्याचा जीव म्हणजे रेंपा, म्हणजे मसाल्याचं वाटण: छोटे कांदे, लाल मिरच्या, गलंगल (आल्याच्या जातीचं मूळ), गवती चहा, हळद, कँडलनट (एक तेलकट बी) आणि बेलाचान (आंबवलेली कोळंबी), पाट्या-खलात वाटलेलं. मिक्सरमध्ये पाणी घालून फिरवलं की वाटण परतलं न जाता शिजत राहतं आणि मसाला कच्चट लागतो. रश्श्याच्या कडेला लाल तवंग दिसला, की वाटण तेल सुटेपर्यंत परतलंय असं समजा.

शाकाहाऱ्यांनी इथे खरोखर जपून राहावं. बेलाचान म्हणजे आपल्या जवळ्यासारखी इवलीशी कोळंबी मीठ लावून आंबवलेली, कुटून वाळवलेली. कोबी, अळंबी आणि काचेसारख्या शेवयांची 'चाप चाय' निव्वळ भाजी दिसते, पण तिच्यात सुकी कोळंबी असते. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. सुकी कोळंबी आणि बेलाचान यांची नावं घेऊन विचारा.

गोडात 'पुलुत इंती' घ्या: गोकर्णीच्या फुलांनी निळा केलेला चिकट भात, वर गुळात शिजवलेलं खोबरं. 'ओंदे-ओंदे' ही गूळ भरलेली चिकट पिठाची गोळी मात्र अख्खी तोंडात टाका, अर्धी चावली तर आतला पातळ गूळ थेट शर्टावर उडतो.

मेन्यूत किमतीपुढे दोन अधिकचिन्हं असली, तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि मग ९ टक्के कर लागतो: २५ डॉलरची डिश जवळपास ३० ला पडते. टेबलावर आणून ठेवलेले ओले रुमाल आणि शेंगदाणेही अनेक ठिकाणी बिलात धरतात. नको असतील तर बसल्याबसल्याच परत करा.